किमो वॉर्डातल्या सिस्टरना व्यक्तिकेंद्री शुश्रूषा शिकवायची, सुरुवात कुठून करावी?

डेकेअर_इन्चार्ज:
१४ खुर्च्यांचं किमो डे-केअर, एका सिस्टरकडे ५-६ पेशंट. प्रशिक्षणाला आठवड्यात जेमतेम एक तास मिळतो. व्याख्यान झालं की चार दिवस सगळ्या गोड बोलतात, पाचव्या दिवशी पुन्हा "हात पुढे करा, सुई लावायची आहे". "वेळच नसतो" ही तक्रार खोटी नाही. नेमकं काय आणि कसं शिकवावं?

नर्सिंग_ट्यूटर:
व्याख्यान सोडा. गोड बोलणं हा विषयच नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या व्यक्तिकेंद्री शुश्रूषा केंद्राने २०१० पासून तीन गोष्टींवर भर दिला आहे: रुग्णाचं म्हणणं ऐकणं, बेत त्याच्यासोबत ठरवणं आणि ते लिहून ठेवणं. आपल्याकडे तिसरी हमखास गळते, आणि दुपारच्या शिफ्टला तोच माणूस "सात नंबर, तिसरी सायकल" (सातवी खुर्ची, किमोची तिसरी फेरी) होऊन जातो.

वेळेचं म्हणाल, तर सलाईन लावताना एकच प्रश्न: "मागच्या किमोनंतर घरी सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. "तोंड आलंवतं, भाकरी गिळंना, चहावरच व्हते." नुसतं "म्युकोसायटिस, ग्रेड २" (तोंड येण्याचं वैद्यकीय नाव आणि तीव्रता) लिहिलं तर चहावर काढलेले दिवस कुणालाच दिसत नाहीत, आणि आहाराचं बोलणं होतच नाही.

सराव तिघींचा. एक सिस्टर, एक पेशंट, एक निरीक्षक, ८ मिनिटं. पेशंट होणारीला चिठ्ठीवर एकच लपलेली काळजी द्या, उदाहरणार्थ "केस गेले तर मुलीच्या लग्नात उभी कशी राहू". मोकळा प्रश्न आला आणि पुढे सिस्टर गप्प राहिली, तरच ती सांगायची. निरीक्षकाने "छान केलं" म्हणायचं नाही. किती वेळा मध्येच तोडलं, हो-नाहीचे प्रश्न किती, एवढंच मोजायचं. मग अडलेली दोन मिनिटं पुन्हा करायची. ही फेरी लोक गाळतात, आणि खरं शिकणं तिथंच असतं.

पॅलिएटिव्ह_सिस्टर:
एक सराव "आईला काही सांगू नका"चा ठेवाच. मुलगा दाराबाहेर गाठून हे म्हणतो आणि नवीन सिस्टर एक तर खोटं बोलते, नाही तर पेशंटला टाळू लागते. आधी मुलालाच विचारायचं, "कळलं तर काय होईल असं वाटतं?" त्याची भीती पूर्ण ऐकायची. मग स्पष्ट सांगायचं: मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. नंतर आईंना: "आजाराबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय? अजून जाणून घ्यावंसं वाटतं का?" निदान सांगणं डॉक्टरांचं काम, किती ऐकायचं आहे हे विचारून त्यांच्यापर्यंत पोचवणं आपलं.

वेदना ० ते १० मध्ये विचारल्यावर म्हातारी माणसं गोंधळतात. "सोळा आण्यांपैकी किती आणे?" म्हटलं की चटकन "बारा आणे" येतं. तसंच लिहा, दहाच्या पट्टीत बसवू नका, आणि पुढच्या वेळीही आण्यांतच विचारा.

ऑन्को_एज्युकेटर:
यात सुरक्षिततेचा भाग सुटू देऊ नका. घरी सोडताना "समजलं ना?" बंद, मान सगळेच डोलावतात. "रात्री ताप आला तर काय काय कराल, मला सांगा." उत्तरात हे यायला हवं: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर सकाळची वाट बघायची नाही, घरच्या घरी गोळी घेऊन ताप दाबायचा नाही, लगेच फोन. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सगळ्यात खाली जातात, ते दिवस कॅलेंडरवर खूण करून द्या. घरात थर्मामीटर आहे का, रात्री गाडी कुणाची मिळेल, हेही तेव्हाच ठरवा. शेवटची एसटी सातला जात असेल तर "लगेच या" या सूचनेला अर्थ उरत नाही.

डेकेअर_इन्चार्ज:
पेशंटचे शब्द लिहायचे कुठे? केस पेपरवर जागाच नाही.

नर्सिंग_ट्यूटर:
दोन ओळींच्या चौकटीचा रबरी शिक्का करून घ्या, किमो चार्टच्या वरच्या कोपऱ्यात मारा. शिफ्ट बदलतानाचा हँडओव्हर त्या ओळींपासून सुरू करायचा, औषधं नंतर. महिन्याला कुठल्याही १० फाइल काढून बघा. चौकट रिकामी असेल किंवा सगळीकडे "तक्रार नाही" असेल, तर त्या आठवड्याचा तास त्यावरच घ्या.