मदत हवी आहे : ड्युटीवरून आल्यावर घरात कुणाशी बोलवतच नाही

चाफा: सव्वाआठला घरी येते आणि चप्पल काढून दाराशीच बसून राहते. मुलगी शाळेतलं सांगत असते, ते ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही. काल म्हणाली, "आई, तू ऐकतच नाहीस." अंग दुखत नाही, मनच पार रिकामं होतं. योगा, फिरणं, लवकर झोपणं सांगू नका, करून झालंय. नोकरी सोडता येणार नाही. प्लीज लवकर सांगा.

नाशिककर: काम काय करता? तास किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

डोंबिवलीकर: प्रवासाने होतं हे. मी फास्ट सोडून सीएसएमटीहून सुटणारी डोंबिवली स्लो धरायला लागलो. वेळ जातो, पण बसायला मिळतं. खूप फरक पडला.

चाफा: घर दहा मिनिटांवर आहे हो, चालत जाते.

गोदाकाठ: इगतपुरीला धम्मगिरीवर १० दिवसांचं विपश्यना शिबिर करा. मी आतून बदलले.

नाशिककर: १० दिवस रजा कोण देणार? आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघा.

गोदाकाठ: सगळंच रक्तात सापडत नाही.

नाशिककर: बायकोला वर्षभर "मनाचं आहे" म्हणत राहिलो, थायरॉइड निघालं. म्हणून जीव तोडून सांगतोय.

चाफा: रिपोर्ट नॉर्मल आहेत. मी डायलिसिसला सिस्टर आहे. तेच पेशंट आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं. खिडकीजवळच्या बेडवर एक आजोबा असायचे. घरून उशी आणायचे, निळ्या फुलांच्या अभ्र्याची. मागच्या आठवड्यात गेले. त्यांच्या वेळेला त्याच बेडवर मी नवीन पेशंट मशीनवर घेतला. उशी अजून रॅकवरच आहे.

कोथरूडकर: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार रिकामं होण्याचा, समावेश आयसीडी-११ या आजारांच्या यादीत केला, तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. सगळा भार हिच्या एकटीवर टाकू नका, युनिटमध्येही काही बदलायला हवं. बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास.

जुनी सिस्टर: अगं, हे आधी सांगायचंस ना! मी ३१ वर्षं आयसीयूत काढली. तुला त्या आजोबांसाठी रडायलाच मिळालेलं नाही. आमच्याकडे पेशंट गेला की हँडओव्हरनंतर आम्ही दोघी-तिघी चेंजिंग रूममध्ये पाच मिनिटं बसायचो, फक्त त्याच्याबद्दल बोलायचो. सोबतीणीला विचार, तिचंही हेच होत असणार. लेकीला सांग, "अर्धा तास दे, मग सगळं ऐकते." आणि ती वेळ मोडू नकोस.

डोंबिवलीकर: सिस्टर, सासऱ्यांचं क्रिएटिनिन ४.२ आलंय. डायलिसिस लागेल का?

नाशिककर: अहो, इथे कशाला!

चाफा: असू दे. नुसत्या आकड्यावर ठरत नाही दादा. किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यातच. पायाला सूज किंवा धाप असेल तर थांबू नका.
जुन्या सिस्टर, सोबतीणीशी उद्या बोलते. आजोबांच्या मुलाचा नंबर फाइलमध्ये आहे, पण फोन करून काय बोलू?

जुनी सिस्टर: "बाबांची उशी आमच्याकडे आहे," एवढंच म्हण. पुढचं तो बोलेल.