मदत हवी आहे: बेअर मेटल नोड ‘क्लीन वेट’मध्ये अडकतात, रॅमडिस्कला आयपी पत्ता मिळत नाही

नमस्कार. आमच्याकडे ओपनस्टॅक आयरॉनिक या सॉफ्टवेअरवर चालणारी बेअर मेटल (म्हणजे आभासी यंत्राऐवजी अख्खा सर्व्हर वापरायला देणारी) व्यवस्था आहे. एका वापरकर्त्याने सर्व्हर परत केला की त्याच्या डिस्क पुसून तो पुढच्या वापरकर्त्यासाठी मोकळा करण्याचे काम आयरॉनिक आपोआप करते, आणि नेमके तेथेच काही नोड (सर्व्हर) अडकू लागले आहेत. नोड ‘क्लीन वेट’मध्ये, म्हणजे नेटवर्कवरून मेमरीत उतरवलेल्या छोट्या लिनक्सच्या (रॅमडिस्कच्या) प्रतिसादाची वाट पाहण्याच्या स्थितीत जातो, १८०० सेकंदांची मुदत संपते आणि तो ‘क्लीन फेल्ड’ होतो. रॅकमधले स्विच बदलल्यापासून हे सुरू झाले आहे. मात्र सगळ्याच नोडवर असे होत नाही आणि ज्यांवर होते त्यांवरही दर वेळी होत नाही, त्यामुळे कारण हाती लागणे कठीण झाले आहे.

बीएमसीबद्दल (सर्व्हरचे दुरून नियंत्रण करणाऱ्या चिपबद्दल) शंका नाही. वीज चालू-बंद करणे आणि नेटवर्कवरून बूट करण्याची आज्ञा देणे सुरळीत होते. आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरवर टीसीपीडम्प हे पॅकेट टिपणारे साधन लावून एकाच मॅक पत्त्याकडून (म्हणजे एकाच नेटवर्क कार्डाकडून) येणाऱ्या विनंत्या पाहिल्या. बूट नीट झाले, तर तीन फेऱ्या दिसतात. पहिली नेटवर्क कार्डाच्या फर्मवेअरची, जिच्या ऑप्शन ९३ (विनंतीतला एक क्रमांकित रकाना) मध्ये मशीनचा प्रकार कळतो. दुसरी आयपीएक्सई या नेटवर्कवरून बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, जी ऑप्शन ७७ मधल्या नावावरून ओळखता येते. आणि तिसरी रॅमडिस्कमधल्या लिनक्सची. अडकलेल्या नोडवर पहिल्या दोन फेऱ्या व्यवस्थित पार पडतात, कर्नल आणि रॅमडिस्क एचटीटीपीवरून पूर्ण उतरतात, पण तिसरी विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. सिरियल कन्सोलवर मात्र लिंक चालू झाल्याचे, रॅमडिस्क विनंती पाठवत असल्याचे आणि काही वेळाने तिने प्रयत्न सोडल्याचे स्पष्ट दिसते. म्हणजे पॅकेट नोडमधून निघते आणि वाटेत नाहीसे होते.

१८०० सेकंदांची मुदत वाढवून पाहण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण रॅमडिस्कमधल्या एजंटचा पहिला हार्टबीटच (‘मी चालू आहे’ हा संदेश) येत नसेल तर आयरॉनिक कितीही वेळ थांबले तरी काय होणार? ऑटोमेटेड क्लीनिंग बंद करून टाका, असाही सल्ला एकाने दिला. तो मी स्वीकारणार नाही. आधीच्या वापरकर्त्याचा विदा पुढच्याच्या हाती जाणार नाही, ही हमी याच टप्प्यावर मिळते आणि ती सोडून व्यवस्था ‘चालू’ दाखवणे मला योग्य वाटत नाही.

स्विचवरील पोर्ट एलएसीपीच्या (अनेक पोर्ट एकत्र बांधण्याच्या पद्धतीच्या) जोड्यांमध्ये आहेत आणि बूटच्या वेळी जोडी नसतानाही एकेका पोर्टने काम करावे यासाठी फॉलबॅक चालू केलेले आहे. ते नसते, तर पहिली फेरीच झाली नसती. मग तिसरीच का अडते? दुरुस्ती स्विचवर करावी की रॅमडिस्कमध्ये? स्विच सांभाळणारा गट वेगळा असून त्यांना ठोस पुरावा हवा आहे, तेव्हा तो कसा मिळवावा हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या माहितीवरून दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधल्या क्षणात दिसतो. आयपीएक्सई जर फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरत असेल, तर तोवर लिंक सहसा तुटत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र कार्ड ताब्यात घेताना ते रीसेट करतो, त्यामुळे लिंक क्षणभर जाते आणि स्विचच्या दृष्टीने पोर्ट नव्याने जोडला जातो. त्यानंतर स्विचची दोन घड्याळे पुन्हा पहिल्यापासून चालू होतात. स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या पद्धतीत) पोर्ट एज, म्हणजे टोकाच्या यंत्राचा, म्हणून घोषित नसेल, तर जुन्या पद्धतीत लिसनिंगचे १५ आणि लर्निंगचे १५ असे ३० सेकंद तो काहीही पुढे पाठवत नाही. एलएसीपी फॉलबॅकचेही तसेच आहे; काही स्विचवर फॉलबॅक लागू होण्याआधीची प्रतीक्षा मुळात ९० सेकंदांची असते. सर्व्हर सुरू होताना हार्डवेअरच्या तपासणीत बरीच मिनिटे जातात, त्या काळात ही प्रतीक्षा बहुधा पुरी होते आणि म्हणून फर्मवेअरला अडचण येत नाही. रॅमडिस्कला तेवढी उसंत नसते. ‘कधी होते, कधी नाही’ याचा उलगडाही येथेच असावा, कारण स्विचची प्रतीक्षा आणि रॅमडिस्कच्या प्रयत्नांची मुदत या दोन्ही एकमेकींच्या अगदी जवळ असतील तर थोड्या फरकाने निकाल पालटतो.

पुराव्यासाठी स्विच, डीएचसीपी सर्व्हर आणि कन्सोल यांची वेळ एनटीपीने जुळवून घ्या व एकाच बूटच्या तिन्ही नोंदी शेजारी ठेवा. कर्नल चढताना पोर्ट खाली-वर झाल्याची नोंद आणि तो प्रत्यक्ष फॉरवर्डिंगमध्ये (पॅकेट पुढे पाठवण्याच्या स्थितीत) गेल्याची वेळ, यांतले अंतर रॅमडिस्कच्या प्रयत्नांपेक्षा मोठे निघाले, तर वादाला जागा उरणार नाही.

प्रतिसाद २

फर्मवेअर आणि लिनक्स वेगवेगळा क्लायंट आयडी (स्वतःची ओळख) पाठवतात, त्यामुळे जुनी लीज (आधी दिलेल्या पत्त्याची नोंद) आडवी येऊन सर्व्हर पत्ता नाकारतो, असेही घडते. ती शक्यता तपासली आहे का?

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्लायंट आयडीची अडचण असती तर विनंती सर्व्हरवर दिसून नाकारली गेली असती. येथे ती पोहोचतच नाही, म्हणून ती शक्यता बाजूला ठेवली. स्विचच्या नोंदींत मात्र प्रतिसाद १ मध्ये म्हटले आहे तेच निघाले. कर्नल चढताच पोर्ट खाली जाऊन वर येतो आणि रॅमडिस्कने प्रयत्न सोडल्यानंतर काही सेकंदांनी फॉलबॅक लागू होतो. पोर्ट एज म्हणून आधीपासूनच घोषित होते, त्यामुळे अडचण फॉलबॅकच्या प्रतीक्षेचीच ठरते. ती कमी करण्यास स्विचच्या गटाने एका रॅकपुरती संमती दिली आणि तेथील अडकलेले नोड क्लीनिंग पूर्ण करून ‘अव्हेलेबल’ झाले.

एक शंका उरते. ही प्रतीक्षा फार कमी ठेवली, तर वापरकर्त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जोडी उभी करण्याआधीच स्विच फॉलबॅकमध्ये जाईल आणि जोडी नंतर जुळताना वाहतूक क्षणभर खंडित होईल का? तसे असल्यास स्विचवर मध्यम मुदत ठेवून रॅमडिस्कमधील डीएचसीपीचे प्रयत्न वाढवणे मला अधिक सुरक्षित वाटते. अशी दुहेरी रचना कोणी चालवत असल्यास कृपया अनुभव कळवावा.

प्रतिसाद १

फॉलबॅकमध्ये असलेल्या पोर्टला समोरून एलएसीपीचे पॅकेट मिळाले की स्विच स्वतःहून जोडीच्या रीतीवर परततो. मधला खंड बूटच्या वेळीच येत असल्याने वापरकर्त्याला तो सहसा जाणवत नाही. तरीही आपला दुहेरी मार्गच बरा. रॅमडिस्क आपल्या ताब्यात असते, स्विच नसतो, आणि पुढे कधी स्विच पुन्हा बदलले तर तेव्हाची प्रतीक्षा किती असेल हे आज सांगता येत नाही. रॅमडिस्क नव्याने बांधाल तेव्हा ती आधी एकाच नोडला लावून हातानेच क्लीनिंग चालवून पाहा आणि मगच बाकीच्या नोडना द्या.