शब्दचर्चा : ‘जबाबदारी’ की ‘दायित्व’? अंतराळ धोरणाच्या मसुद्यातले अडणारे शब्द

मृण्मयी
राष्ट्रीय अंतराळ धोरणावरच्या मराठी मजकुरात रिस्पॉन्सिबिलिटी आणि लायबिलिटी या दोन्हींसाठी सर्रास ‘जबाबदारी’ लिहिलेलं दिसतं. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारात पहिला शब्द कलम ६ मध्ये येतो, दुसरा कलम ७ मध्ये. दोन्हीकडे एकच शब्द आला की ही दोन कलमं वेगळी कशासाठी, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. ‘उत्तरदायित्व’ आणि ‘दायित्व’ अशी जोडी चालेल का? आणि लाँचिंग स्टेटला, म्हणजे प्रक्षेपणाशी बांधल्या जाणाऱ्या देशाला, काय म्हणावं? ‘प्रक्षेपक राज्य’ काही पटत नाही.

सुहास
मृण्मयीताई, ‘उत्तरदायित्व–दायित्व’ ही जोडी कागदावर देखणी आहे, पण घाईने वाचणारा दोन्ही एकच समजतो. त्यापेक्षा कलम ६ साठी ‘जबाबदारी’च ठेवावी आणि कलम ७ साठी ‘भरपाईचे दायित्व’ असं पूर्ण लिहावं. ताळेबंदात ‘मालमत्ता आणि दायित्वे’ असतं, म्हणजे ‘दायित्व’ म्हटल्यावर देणं लागतं ही जाण मराठी वाचकाला आधीपासून आहे.

फरक मोठा आहे. कलम ६ सांगतं की देशातली खासगी कंपनी अंतराळात जे काही करेल, ते कराराला धरून होतं आहे ना हे त्या देशाने पाहायचं. इथे नुकसान झालेलं असण्याची गरजच नाही. कलम ७ नुकसान झाल्यावर लागू होतं. त्याचा तपशील १९७२ च्या दायित्व करारात आहे आणि तिथे आणखी एक खाच आहे. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी. इतरत्र, म्हणजे कक्षेत एका देशाच्या यानामुळे दुसऱ्याच्या यानाचं नुकसान झालं तर चूक सिद्ध झाली तरच दायित्व.

अ‍ॅब्सोल्यूटला ‘संपूर्ण दायित्व’ म्हणू नये. त्यातून ‘सगळीच्या सगळी रक्कम’ असा अर्थ निघतो. मुद्दा रकमेचा नाही, चूक असो वा नसो द्यावं लागतं हा आहे. म्हणून ‘निरपेक्ष दायित्व’, आणि दुसऱ्याला ‘दोषाधारित दायित्व’.

उदाहरणं घ्या. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. ‘संपूर्ण’ शब्द वापरला तर ही निम्मी रक्कम विसंगत वाटते, ‘निरपेक्ष’ वापरला तर वाटत नाही. उलट १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर आदळले, तिथे प्रश्न दोषाचा होता. मेलेल्या उपग्रहाला बाजूला होता येत नाही आणि कक्षेत कोणी कोणाला वाट द्यायची याचा बंधनकारक नियम नव्हता. मग चूक ठरवायची कशाच्या आधारावर? म्हणून धोरणात ‘टक्कर टाळण्याची कर्तव्ये’ स्पष्ट लिहिणं महत्त्वाचं. दोष मोजायला माप तिथून मिळतं.

निनाद
‘राज्य’ खटकण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे राज्य म्हटलं की संघराज्यातला घटक डोळ्यासमोर येतो. ‘प्रक्षेपक’ही अडचणीचा, कारण तो शब्द रॉकेटसाठी रुळलाय. ‘प्रक्षेपणकर्ते राष्ट्र’ हा सुटसुटीत पर्याय.

पण खरी मेख व्याख्येत आहे. प्रक्षेपणकर्ते राष्ट्र चार वाटांनी ठरतं : जे प्रक्षेपण करतं, जे ते करवून घेतं, ज्याच्या भूमीवरून ते होतं, आणि ज्याच्या सुविधेवरून ते होतं. प्रोक्युअर्स या शब्दाला ‘प्राप्त करते’ किंवा ‘खरेदी करते’ असं भाषांतर केलेलं दिसतं; दोन्ही चुकीचं. मराठीत ‘करणे’ आणि ‘करवून घेणे’ हा भेद क्रियापदातच आहे, तो सोडू नये. ‘सुविधा’ हा चौथा पर्यायही फालतू समजू नका. सी लाँच कंपनी १९९९ पासून प्रशांत महासागरातल्या तरंगत्या तळावरून रॉकेटं सोडत होती. तिथे कोणाचीच भूमी नव्हती.

प्रत्यक्षात असं घडतं : उपग्रह ‘क’ देशात बांधला, मालक कंपनी ‘ख’ देशाची, रॉकेट ‘ग’ देशाच्या कंपनीचं, तळ ‘घ’ देशात. सर्वसाधारण वाचनात ख, ग, घ हे तिन्ही प्रक्षेपणकर्ते. नुसता बांधून देणारा ‘क’ नाही. आणि तिघांचं दायित्व ‘संयुक्तपणे आणि पृथकपणे’. हा शब्दप्रयोग जड आहे खरा, पण सोपा करायला जाऊन ‘विभागून’ लिहू नका, अर्थ उलटा होतो. नुकसान झालेला देश तिघांपैकी कोणा एकाकडेही पूर्ण रक्कम मागू शकतो. मग त्याने इतर दोघांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा. म्हणूनच प्रक्षेपणाआधीच देशादेशांत वाटपाचा करार करतात.

मृण्मयी
हे उत्तम. निनाददादा, मग उपग्रह कक्षेत असतानाच विकला गेला तर? नवा मालक देश ‘करवून घेणारा’ होतो का?

निनाद
नाही. प्रक्षेपण होऊन गेलेलं असतं, त्यामुळे विकत घेणारा देश मागाहून प्रक्षेपणकर्ता होत नाही आणि जुने सुटत नाहीत. इंटेलसॅट या दूरसंचार उपग्रह चालवणाऱ्या संस्थेचे काही उपग्रह न्यू स्काईज या कंपनीकडे गेले तेव्हा नेदरलँड्सने संयुक्त राष्ट्रांना नेमकं हेच कळवलं : आम्ही कलम ६ प्रमाणे जबाबदार, पण प्रक्षेपणकर्ते नाही. जबाबदारी एका देशाकडे, दायित्व दुसऱ्याकडे. सुहासरावांनी वर केलेला भेद इथे पैशात मोजला जातो. जुन्या देशाने विक्रीला संमती देताना भरपाई द्यावी लागली तर ती परत करण्याचं वचन नव्या मालकाकडून लिहून घ्यायला हवं, आणि धोरणात ‘मालकी-हस्तांतरणास पूर्वसंमती’ हे शब्द हवेतच.

शर्वरी
विक्रीवरून ‘नोंदणी’ आठवली. या एका शब्दाने जितका घोळ होतो तितका दुसऱ्या कशानेच होत नसेल. नोंदणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

पहिली, अंतराळ वस्तूची. १९७५ च्या नोंदणी करारानुसार देश आपल्या राष्ट्रीय नोंदवहीत वस्तू नोंदवतो आणि संयुक्त राष्ट्रांना कळवतो. कळवायच्या गोष्टी मोजक्या : प्रक्षेपणकर्त्या राष्ट्रांची नावं, वस्तूचं नाव किंवा क्रमांक, तारीख आणि ठिकाण, कक्षेचा आवर्तकाळ (एका फेरीचा वेळ), कल (विषुववृत्ताशी कोन), अपभू आणि उपभू (पृथ्वीपासून सर्वांत दूरचा आणि सर्वांत जवळचा बिंदू), आणि साधारण उपयोग. अनेक प्रक्षेपणकर्ते असले तर त्यांनी आपसांत ठरवून एकानेच नोंदवायचं. हे ठरवायचं राहून गेलं की वस्तू कोणाच्याच वहीत येत नाही. बाह्य अंतराळ कराराच्या कलम ८ मधला अधिकार आणि नियंत्रण नोंदणीशी बांधलेलं असल्यामुळे मग उपग्रहावर अधिकार कोणाचा, हा वाद उरतो. मालक बदलला तर तेही कळवावं अशी शिफारस आमसभेच्या २००७ मधल्या ठरावात (क्रमांक ६२/१०१) आहे.

दुसरी, रेडिओ वारंवारतेची. ती जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे होते. तिला ‘नोंदणी’ न म्हणता ‘वारंवारता-समन्वय आणि अधिसूचना’ म्हणावं, कारण त्यात इतर देशांशी वाटाघाटी कराव्या लागतात. अर्ज सरकारमार्फत जातो, कंपनीला थेट करता येत नाही. अर्जापासून ७ वर्षांत वारंवारता वापरात आणावी लागते. भूस्थिर कक्षेत तर त्या जागी उपग्रह सलग ९० दिवस हवा. रॉकेट रखडलं आणि मुदत टळली तर रांगेतली जागा जाते. मोठ्या उपग्रह-समूहांसाठी २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने टप्पे घातले : ती ७ वर्षं संपल्यावर २ वर्षांत १०%, ५ वर्षांत ५०%, ७ वर्षांत सगळे. वारंवारतेच्या काही ठरावीक पट्ट्यांना आणि सेवांनाच हे लागू आहे, हे मात्र लक्षात ठेवा. ‘वापरात आणणे’ला ‘कार्यान्वित करणे’ म्हणू नका. उपग्रह चालू असून चुकीच्या पट्ट्यात असेल तर तो कार्यान्वित आहे, वापरात आणलेला नाही.

केदार
कलम ६ मधले ऑथोरायझेशन आणि कंटिन्युइंग सुपरव्हिजन राहिले. पहिल्यासाठी हिंदीतून ‘प्राधिकरण’ येतं. मराठीत प्राधिकरण म्हणजे संस्था, रस्ते प्राधिकरण, पाणीपुरवठा प्राधिकरण. ‘कंपनीला प्राधिकरण दिले’ हे वाक्य मराठी कानाला अर्थहीन आहे. ‘प्राधिकारपत्र’ म्हणा. खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणाऱ्या भारतातल्या इन-स्पेस या संस्थेच्या पूर्ण नावात प्रोत्साहन आणि हा शब्द शेजारी-शेजारी आहेत, तिथे तर हे नेमकं हवं. उत्तेजन देणं आणि परवानगी देणं ही दोन कामं एकाच दारात आहेत हे वाचकाला कळलं पाहिजे.

दुसऱ्यासाठी ‘सातत्यपूर्ण देखरेख’. ‘वेळोवेळी तपासणी’ लिहिलं तर कराराचं बंधन पातळ होतं. देखरेखीत किमान एवढं यावं : ठरावीक मुदतीने कक्षेचा अहवाल, टक्करीच्या इशाऱ्यावर कोणी किती वेळात उत्तर द्यायचं, मालकी बदल, आणि आयुष्य संपल्यावर निष्क्रियीकरण. म्हणजे उरलेलं इंधन सोडून देणं, बॅटऱ्यांचा भार उतरवणं, त्यांचं चार्जिंग कायमचं तोडणं. हे केलं नाही तर अनेक वर्षांनंतरही टाकी फुटू शकते आणि एका वस्तूचे शेकडो तुकडे होतात. पृथ्वीनिकट कक्षेतून बाहेर काढण्याची जुनी मार्गदर्शक मुदत २५ वर्षांची. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये ती ५ वर्षांवर आणली. धोरणात आकडा लिहा, ‘वाजवी मुदतीत’ असं लिहू नका.

सुहास
आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या परिच्छेदात तीन शब्द जपून वापरावेत.

‘सामंजस्य करार.’ शब्द आता हटणार नाही, पण ‘करार’ असल्यामुळे वाचक तो बंधनकारक समजतो. बहुतेक वेळा तो तसा नसतो. तसं असेल तर पहिल्याच परिच्छेदात ‘यातून कायदेशीर बंधन निर्माण होत नाही’ हे वाक्य घालावं.

‘निर्यात.’ आपल्याला जहाजावर चढवलेला माल दिसतो. अमेरिकेच्या आयटार या शस्त्रास्त्र-निर्यातीच्या नियमांत परदेशी व्यक्तीला तांत्रिक माहिती दाखवणं किंवा सांगणं हीसुद्धा निर्यात असते, मग ती व्यक्ती अमेरिकेतच बसलेली का असेना. आधी भागाचं वर्गीकरण, मग तांत्रिक साहाय्य कराराला मंजुरी, आणि नंतरच जोडणीची रेखाचित्रं, हा क्रम चुकला की पहिल्याच बैठकीत दाखवलेल्या एका आकृतीमुळे काम महिनोन्‌महिने थांबतं. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत ५०० किलो भार ३०० किलोमीटर नेऊ शकणारी संपूर्ण प्रणाली सर्वांत कडक वर्गात येते. उपग्रह कक्षेत नेणारी रॉकेटं त्यात सहज बसतात, म्हणून ‘प्रक्षेपक तंत्रज्ञानाचे हस्तांतरण केले जाईल’ असं वचन सामंजस्य करारात देणं धोक्याचं.

‘स्वखर्चाने.’ हा आपला शब्द इथे सोन्यासारखा उपयोगी आहे. संस्था-संस्थांतल्या सहकार्यात सहसा पैसे हात बदलत नाहीत, कामाची वाटणी होते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या पृथ्वी-निरीक्षण उपग्रहात एल-पट्ट्याचं रडार आणि १२ मीटरचा परावर्तक नासाचा. एस-पट्ट्याचं रडार, उपग्रहाचा सांगाडा आणि रॉकेट इस्रोचं. अशा करारातलं नेहमीचं कलम ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून’ असं येतं. त्याचं ‘निधी उपलब्ध करून दिला जाईल’ असं भाषांतर केलं तर सूट देणारं कलमच वचन होऊन बसतं.

शर्वरी
गुंतवणुकीचाही एक शब्द. भारताच्या २०२४ च्या नियमांत ‘स्वयंचलित मार्ग’ म्हणजे सरकारची पूर्वमंजुरी लागत नाही ती मर्यादा : सुटे भाग १००%, उपग्रह ७४%, रॉकेट आणि प्रक्षेपण तळ ४९%. ‘अंतराळात १००% गुंतवणूक खुली’ हा मथळा अर्धवट आहे, मर्यादेपलीकडे सरकारी मंजुरीचा मार्ग आहे.

मृण्मयी
शेवटचा : क्रॉस-वेव्हर. ‘परस्पर माफी’ फारच भावुक होतंय.

निनाद
‘परस्पर दावात्याग’. प्रक्षेपणातला प्रत्येक सहभागी आपलं नुकसान आपण सोसतो आणि दुसऱ्यावर दावा लावत नाही. हे कलम उपकंत्राटदारांपर्यंत उतरवावं लागतं. बहुतेकदा इथेच राहून जातं आणि झडप पुरवणारी छोटी कंपनी दावा ठोकते. अंतराळ स्थानकाच्या १९९८ च्या करारात अपवाद आहेत : माणसाला झालेली इजा वा मृत्यू, हेतुपुरस्सर गैरवर्तन, बौद्धिक संपदा. ते भाषांतरात गाळू नका.

दावात्याग फक्त सहभागींमध्ये चालतो. बाहेरच्या माणसासाठी ‘त्रयस्थ-दायित्व विमा’ वेगळा. तेव्हा तीन शब्द वेगळे ठेवा : सरकार दुसऱ्या देशाला देतं ती ‘नुकसानभरपाई’, नंतर कंपनीकडून घेतं ती ‘वसुली’, आणि ठरावीक रकमेपुढचा भार सरकार स्वतः उचलतं ती ‘क्षतिपूर्तीची हमी’. अमेरिकेत कंपनीने घ्यायच्या त्रयस्थ विम्याला ५० कोटी डॉलरची कमाल मर्यादा आहे आणि नेमकी रक्कम ‘कमाल संभाव्य हानी’ काढून ठरते. धोरणात ही मर्यादा लिहिली नाही, तर विमा कंपनीला हप्ता ठरवता येत नाही आणि प्राधिकारपत्राचा अर्ज तिथेच अडकतो.