दालमिलसाठी बिझनेस कोच नेमायचा आहे. निवड कशी करावी?

तूरडाळवाला, जळगाव

नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमची तूर आणि हरभऱ्याची दालमिल आहे. ती वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, उभी केली. गेली 6 वर्षे मी पाहतो आणि हंगामी धरून 28 कामगार आहेत. उलाढाल वाढली तरी हातात पैसा राहत नाही, खरेदीपासून हमालीच्या हिशेबापर्यंत प्रत्येक निर्णय माझ्यापाशी किंवा अप्पांपाशी येऊन अडतो, आणि आमच्या दोघांचे मत जुळले नाही की दिवाणजींची ओढाताण होते. मागच्या महिन्यात एका कोचचे मोफत सत्र ऐकले. त्यांचे बोलणे पटले, परंतु वर्षाचे 3 लाख रुपये त्याच दिवशी भरल्यास सवलत मिळेल असे त्यांनी सांगितल्यावर मी थांबलो. योग्य कोच कशावरून ओळखावा? त्याला डाळीच्या धंद्याची माहिती असायलाच हवी का?

चटई उत्पादक, जळगाव

भाऊ, आपण थांबलात हे फार चांगले केले. 4 वर्षांपूर्वी मी थांबलो नव्हतो. आमच्या प्लास्टिक चटईच्या कारखान्यात वाया जाणारा माल जास्त होता, म्हणजे मला गरज होती तांत्रिक सल्लागाराची, आणि मी नेमला कोच. वर्षभर आम्ही ध्येये लिहिली, त्यांचा आढावा घेतला, पण यंत्रावरची नासाडी जिथल्या तिथे राहिली. ती पुढे एका अभियंत्याने दोन दिवस यंत्राजवळ उभे राहून कमी करून दिली. त्या कोचला मी पूर्ण दोष देत नाही, कारण माझी अडचण नेमकी कोणती हे मीच त्यांना सांगितले नव्हते.

सल्लागार उत्तर देतो. कोच आपल्याला प्रश्न विचारून निर्णयापर्यंत नेतो आणि तो निर्णय अमलात आला का हे पुनःपुन्हा पाहतो. आपण लिहिलेल्या अडचणींपैकी पैशाची अडचण मला कोचची वाटत नाही. डाळीचा उतारा किती पडतो, म्हणजे कच्च्या मालातून किती डाळ निघते, चुनी, म्हणजे डाळ करताना निघणारा चुरा, कोणत्या भावाने जाते, उधारी किती दिवसांनी वसूल होते, हे आधी काढा. दोष उताऱ्यात निघाला तर केंद्र सरकारच्या एमएसएमई लीन योजनेची, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांतली नासाडी कमी करण्याच्या योजनेची, चौकशी करा. तीत सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भार सरकार उचलते, आणि त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र लागते. निर्णय अडणे आणि वडिलांशी मतभेद होणे, हे काम कोचचे.

सनदी लेखापाल, धुळे

आपल्या देशात स्वतःला कोच म्हणवून घेण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही, म्हणून तपासणीची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संस्थेच्या एसीसी, पीसीसी आणि एमसीसी या चढत्या श्रेणींसाठी अनुक्रमे 100, 500 आणि 2,500 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. समोरची व्यक्ती अशी श्रेणी सांगत असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा. अर्थात, तासांवरून सराव कळतो, आपला धंदा त्याला कळेल की नाही हे कळत नाही.

डाळ दळता आली नाही तरी चालेल, पण आपल्या धंद्याला कोणती बंधने आहेत हे विचारण्याची सवय त्याला हवी. जून 2024 मध्ये केंद्राने तूर आणि हरभऱ्यावर साठामर्यादा घातली, तेव्हा मिलसाठी ती मागील 3 महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या 25 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी होती. हंगामात माल भरून ठेवा असा सल्ला काहीही न विचारता देणारा माणूस आपल्याला अडचणीत आणू शकतो.

करारापूर्वी एक हिशेब अवश्य करावा. 3 लाखांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 54,000 रुपये. आपली डाळ प्रामुख्याने 25 किलोंपेक्षा मोठ्या पोत्यांत जात असेल तर ती विक्री करमुक्त ठरते, आणि त्या प्रमाणात या 54,000 चे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तो खर्चच समजावा. शुल्क महिन्याचे महिन्याला ठेवा, एक महिन्याच्या सूचनेवर करार संपवता यावा, आणि गोपनीयतेचे कलम घाला. जळगावच्या बाजारात दलाल सगळ्यांचे सारखेच असतात. आपला खरेदीभाव दुसऱ्या मिलवर पोहोचायला वेळ लागत नाही.

मिरची उद्योग, नंदुरबार

भाऊ, आमच्याकडे मिरची वाळवण्याची पथारी आणि पूड दळण्याचा कारखाना आहे. सासरे आणि मी, असा आमचाही दोन मतांचा कारभार होता, म्हणून लिहिते.

मी कोचकडून आधीच्या ग्राहकांची नावे मागितली, तेव्हा काम मध्येच सोडलेल्या एकाचे नावही आग्रहाने घेतले. सर्वांत उपयोगी माहिती त्यानेच दिली. नंतर मी कोचला एक दिवस पथारीवर बसवले. त्यांना मिरचीतले काहीही कळत नव्हते, परंतु दिवसभर ते विचारत राहिले: हा ढीग नाकारायचा हे कोण ठरवतो, तो माणूस गावाला गेला तर काय होते? सासऱ्यांशी ते अहिराणीत बोलले आणि त्यांचे ऐकून घेतले. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी बाजू घेतली असती तर सासरे पुन्हा बैठकीला आले नसते. पुढे 50,000 रुपयांपर्यंतची खरेदी पुतण्याने एकट्याने करावी असे ठरले, आणि हात लावून माल पारखण्याचे काम सासऱ्यांनी त्याला स्वतः शिकवले.

हंगामातल्या बैठका करारातून वगळा. आमच्या पहिल्या हंगामातल्या जवळपास सगळ्या बैठका बुडाल्या, पण पैसे द्यावेच लागले.

तूरडाळवाला, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. वर्षभराचा उतारा आणि उधारी दिवाणजींकडून काढून घेतो, आणि नवी तूर जानेवारीत येण्यापूर्वी त्या कोचला एक दिवस मिलमध्ये, अप्पांच्या शेजारी, बसण्याची विनंती करतो. ताई, त्या एका दिवसाचे पैसे आपण दिले होते का?

मिरची उद्योग, नंदुरबार

हो, दिले होते. फुकट आलेल्या माणसाला नाही म्हणणे मला जड गेले असते.