री: तातडीचं - रविवारी व्हॅन बॉस्टनमध्ये कुठे लावायची?

प्रेषक: सुजाता (बर्लिंग्टन)
बुधवार, रात्री १०:१२

मंडळी,
आपल्या पाहुण्या कलाकारांच्या गाडीचं परत अडलंय. आपण सांगून ठेवलेल्या दोन मिनीव्हॅन मिळत नाहीयेत, आज भाड्याच्या गाडीवाल्यांचा फोन आला, १५ सीटची एकच मोठी व्हॅन शिल्लक आहे म्हणाले. शुक्रवारचं मँचेस्टर विमानतळावरचं पिकअप अभयकडे आहे त्यामुळे ती काळजी नाही, शनिवारी प्रयोग शाळेत, तिथे मैदानाएवढं पार्किंग. प्रश्न रविवारचा. ११ जणांना सकाळी बॉस्टन बघायचंय आणि संध्याकाळी लोगन विमानतळावरून शिकागोचं विमान, म्हणजे बॅगा, ट्रंका, पेटी सगळं गाडीतच राहणार. ही व्हॅन बॉस्टन कॉमन बागेच्या खालच्या गराजमध्ये जाईल का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा प्लीज, "जायला हरकत नसावी" असं नको, गेल्या दिवाळीचं अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. उद्या दुपारी २ पर्यंत मला त्यांना हो किंवा नाही कळवायचंय.

सुजाता


प्रेषक: प्रमोद (ॲक्टन)
बुधवार, रात्री ११:०५

सुजाता, नाही जाणार. कॉमनच्या गराजची उंचीची मर्यादा ६ फूट ३ इंच आहे. १५ सीटच्या व्हॅनमध्ये सगळ्यात बुटकी घेतलीस तरी ती ७ फुटांच्या आसपास जाते आणि उंच छपराची ९ फुटांच्या. मिनीव्हॅन पावणेसहा फुटांत बसते म्हणून आपल्याला इतकी वर्षं कधी विचार करावा लागला नाही, आणि गेल्या दिवाळीलाही गाडी मिनीव्हॅनच होती, वर रूफ बॉक्स होता एवढंच. दीड फुटाचा बॉक्स चढवला की पावणेसहाचे सव्वासात होतात, चालवणाऱ्याच्या डोक्यात मात्र पावणेसहाच असतात.

आणि एक, जे बोर्डावर लिहिलेलं नसतं. रॅम्प जिथे संपून सपाट होतो तिथे लांब गाडीची पुढची चाकं सपाटीवर आणि मागची अजून उतारावर असतात, त्यामुळे मागचं छप्पर वर उचललं जातं. बोर्डावर ६-९ लिहिलंय आणि आपली गाडी ६-८ आहे म्हणून आत घालू नये. शिवाय भरलेली गाडी स्प्रिंगवर दबते, रिकामी झाली की वर येते. आत जाताना ११ माणसं बसलेली आणि येताना एकटा ड्रायव्हर, तर जाताना सुटलेला पाइप येताना लागू शकतो. मी ३१ वर्षं गराजचंच काम केलंय, अशी लागलेली छपरं पाहिली आहेत.

मी स्वतः पोस्ट ऑफिस स्क्वेअरला लावतो. पूर्वी तिथे जमिनीच्या वर काँक्रीटचं एक कुरूप गराज होतं, ते १९८८ मध्ये पाडून जमिनीखाली ७ मजले नेले, १४०० गाड्या मावतात आणि वर झाडं, हिरवळ. पाहुण्यांना ते जरूर दाखवा, गाडी त्याखाली आहे हे कोणाला खरं वाटत नाही. पण ही व्हॅन तिथेही नेऊ नका.

प्रमोद


प्रेषक: मृणाल (वेस्टफर्ड)
गुरुवार, सकाळी ६:४०

बाकी काही ठरवा पण पेटी टपावर जाणार नाही. गाडीत रात्रभरही राहणार नाही. ऑक्टोबरातल्या थंडीत ती ठेवून सकाळी गरम हॉलमध्ये आणली की सूर हलतात, आणि इथे पेटी दुरुस्त करणारा माणूस सहज मिळत नाही. शनिवारी प्रयोगानंतर ती माझ्या घरी येईल, रविवारी मी लोगनला आणून देईन. तबला डग्गाही द्या.

मृणाल


प्रेषक: रेवती (शूजबरी)
गुरुवार, सकाळी ७:३१

मग सरळ लोगनलाच लावा ना सकाळी! तिथून सिल्व्हर लाइन बस फुकट आहे, साउथ स्टेशनला उतरायचं, तिथून कॉमन चालत पंधरा मिनिटं. संध्याकाळी परत तिथेच यायचंय. आम्ही सासूबाईंना घेऊन असंच केलं होतं, एकाच ठिकाणी गाडी, डोक्याला ताप नाही.

रेवती


प्रेषक: शिरीष (क्विन्सी)
गुरुवार, सकाळी ७:४४

> तिथून सिल्व्हर लाइन फुकट आहे

फुकट फक्त लोगनवरून शहरात येताना. परत जाताना तिकीट पडतं. ११ जणांचे चार्ली कार्ड (बस-मेट्रोचं कार्ड) आधी भरून ठेवा नाहीतर साउथ स्टेशनला मशीनपुढे रांग लागेल.

शिरीष


प्रेषक: प्रमोद (ॲक्टन)
गुरुवार, सकाळी ८:१०

रेवती, लोगनचं मुख्य पार्किंग म्हणजे पण छपराचं गराजच, उंचीचा प्रश्न तिथे गेलं म्हणून सुटत नाही. शिवाय लोगनला जागा मोजक्या आहेत आणि त्या कायद्याने मोजक्या आहेत. हवेच्या प्रदूषणासाठी १९७० च्या दशकात तिथल्या व्यावसायिक पार्किंगवर मर्यादा घातली ती अजून आहे, २०१७ मध्ये ५००० वाढवून २६,०८८ केली. त्यामुळे वाटेल तेव्हा नवीन मजला चढवता येत नाही आणि लांब सुट्ट्यांच्या वेळी भरल्याची पाटी दिसते. तुम्ही सासूबाईंना नेलं तेव्हा गाडी कोणती होती?

प्रमोद


प्रेषक: रेवती (शूजबरी)
गुरुवार, सकाळी ८:२२

कॅमरी होती. बरोबर आहे काका.


प्रेषक: अभय (नाशुआ)
गुरुवार, सकाळी ९:०२

नमस्कार, शुक्रवारबद्दल मला तिघांचे वेगवेगळे फोन आले म्हणून इथेच लिहितो. मँचेस्टरचं पिकअप मी गेली सहा वर्षं करतोय आणि या वेळीही मीच करतोय, त्यात कोणी बदल करू नये, निदान मला विचारून करावा. सुजाताने व्हॅन दुपारी ३ ला माझ्याकडे द्यायची, बाकी माझ्यावर सोडा.

मँचेस्टर का, असं कार्यकारिणीतून परत विचारलं गेलंय. बाल्टिमोरहून थेट विमान आहे आणि उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत जो वेळ लागतो तो लोगनला नुसता बॅगांच्या पट्ट्याशी जातो. सामान फुकट म्हणून साउथवेस्ट विमान कंपनी, हे कारण मात्र आता राहिलेलं नाही. मे २०२५ च्या शेवटापासून काढलेल्या तिकिटांवर बॅगेचे पैसे पडतात, आपली तिकिटं ऑगस्टमध्ये काढलेली आहेत. चार ट्रंकांचा तो खर्च हिशोबात धरलाय का, खजिनदारांनी बघावं.

गराजचा प्रश्न मँचेस्टरला येतच नाही. विमान उतरेपर्यंत सेल फोन लॉटमध्ये थांबायचं, फोन आला की दारात. बॉस्टनहून येणाऱ्यांना हे पटत नाही, ते आधीच आत गाडी लावतात आणि मग सरकत्या पट्ट्यांच्या पुलावरून चालत येतात. व्हॅनला चढ-उताराचे मजले हवेत कशाला.

अभय


प्रेषक: विनायक (अँडोव्हर)
गुरुवार, सकाळी ९:४०

अभय, पिकअप तुझंच आहे, कोणी काढून घेत नाही. पण परत येताना ९३ नंबरचा हायवे घेऊ नकोस असं मी गेल्या वेळीही म्हटलं होतं.


प्रेषक: अभय (नाशुआ)
गुरुवार, सकाळी ९:५१

येताना कुठे, जाताना. शुक्रवारी संध्याकाळी ९३ वर उत्तरेकडे पानं बघायला जाणाऱ्यांची गर्दी असते. येताना दक्षिणेकडे मोकळा असतो. रविवारी उलटं. मी जाताना नाशुआवरून एव्हरेट टर्नपाइकने जातो आणि २०११ ला झालेल्या नवीन रस्त्याने नदी ओलांडून थेट विमानतळ. माझ्या घरावरून तेच जवळ आहे.


प्रेषक: विनायक (अँडोव्हर)
गुरुवार, सकाळी १०:२६

ठीक, नाशुआहून तेच बरोबर. मी अँडोव्हरवाल्यांसाठी म्हणत होतो, त्यांनी ९३ ने ५ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडावं, टोल लागत नाही, टोल मँचेस्टरच्या पुढे हुकसेटला आहे.

मँचेस्टरचा विषय निघाला म्हणून लिहितो. १९९८ मध्ये साउथवेस्ट तिथे आली तेव्हा आम्ही नवीन होतो, पैसे मोजून वापरायचे दिवस होते, आणि त्या स्वस्त तिकिटांमुळे मी बहिणीकडे वर्षातून दोनदा जाऊ शकलो. २००५ मध्ये तिथून ४० लाखांवर प्रवासी गेले, पुढच्या वर्षी नावात बॉस्टन घातलं. आज त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. आपण कार्यक्रमांची तिकिटं काढताना तो विमानतळ विसरलो तर उद्या तिथून विमानंच उडणार नाहीत, तेव्हा कार्यकारिणीने 'का' विचारण्यापेक्षा अभयचे आभार मानावेत असं मला मनापासून वाटतं.

गराजबद्दल. आईबाबा पहिल्यांदा आले त्या जानेवारीत मी शहरातल्या एका गराजमध्ये गाडी लावली, मजला लिहून घेतला नाही. परत आलो तेव्हा बाबांना बरं वाटत नव्हतं आणि मी त्यांना जिन्यापाशी बसवून चार मजले धावत फिरलो. उणे १२ होतं. गाडी सापडेपर्यंत बाबा एकटेच आईला धीर देत बसले होते. तेव्हापासून तिकिटाचा आणि खांबावरच्या नंबराचा फोटो काढल्याशिवाय मी गाडीपासून हलत नाही, आणि तिकीट गाडीत ठेवत नाही. रविवारी कुठेही लावा पण जो चालवेल त्याने हे करा. पाहुण्यांत दोघं सत्तरीच्या पुढचे आहेत.

विनायक


प्रेषक: नीलिमा (वेस्टबरो)
गुरुवार, सकाळी ११:१५

सगळे उंचीवर बोलताय पण १५ सीटच्या व्हॅनबद्दल मला वेगळी भीती वाटते. २००१ मध्येच इथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने इशारा दिला होता की दहा किंवा त्याहून जास्त माणसं बसली की ही गाडी उलटण्याचा धोका जवळपास तिप्पट होतो. वजन मागे आणि वर जातं म्हणून. आपली ११ माणसं, अधिक ड्रायव्हर, अधिक ट्रंका. घ्यायचीच असेल तर टपावर काही बांधू नका, माणसं पुढच्या सीटांवर बसवा, जड ट्रंका खाली ठेवा, टायरची हवा बघा, सगळ्यांनी पट्टे लावा, मागे बसलेल्यांनीसुद्धा. आणि अशी गाडी पूर्वी चालवलेलाच माणूस बसवा. ट्रंका वेगळ्या गाडीने गेल्या तर उत्तम, माझी एसयूव्ही रिकामी आहे.

नीलिमा


प्रेषक: शिरीष (क्विन्सी)
गुरुवार, सकाळी ११:३८

रविवारी बॉस्टनमध्ये रस्त्यावरचे मीटर फुकट असतात. गराजच कशाला.


प्रेषक: सुजाता (बर्लिंग्टन)
गुरुवार, सकाळी ११:४५

शिरीष, ती व्हॅन खूप लांब आहे, मीटरच्या एका खुणेत नीट मावणार नाही. आणि बीकन हिलला रहिवाशांच्या परमिटच्या पाट्या आहेत, तिथे रविवार म्हणून सूट नाही. रविवारी चार्ल्स नदीवर बोटींच्या शर्यतीसुद्धा आहेत, नदीकाठ माणसांनी भरलेला असेल. नदीकाठच्या मेमोरियल ड्राइव्ह रस्त्याचा एक भाग तर नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी गाड्यांना बंदच असतो. स्टोरो ड्राइव्हवरून तर ही गाडी नेऊच नये असं मला वाटतं.


प्रेषक: शिरीष (क्विन्सी)
गुरुवार, सकाळी ११:५२

स्टोरोला पूल १० फुटांचे आहेत, ७ फुटांची व्हॅन आरामात जाते. तिथे अडकतात ते सामान हलवणारे ट्रक, १ सप्टेंबरला विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा.


प्रेषक: प्रमोद (ॲक्टन)
गुरुवार, दुपारी १२:०३

जाते, पण आपल्या ड्रायव्हरला गाडीची उंची तोंडपाठ असल्याशिवाय नको. एका कागदावर फूट-इंच मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डला चिकटवा. शुक्रवारी ३ ला मी नाशुआला टेप घेऊन येतो, अँटेनासकट मोजू. अभय, चालेल ना?


प्रेषक: अभय (नाशुआ)
गुरुवार, दुपारी १२:१०

या काका. चहा ठेवतो.


प्रेषक: केतकी (सॉमरव्हिल)
गुरुवार, दुपारी १२:३४

नमस्कार, मी इथे फारशी लिहीत नाही, सदस्य होऊन वर्ष झालं. आमचं घर युनियन स्क्वेअरजवळ आहे आणि घरमालक आजींचा ड्राइव्हवे खूप लांब आहे, त्यांची गाडी आता नाही. मी आत्ता खाली जाऊन विचारून आले, रविवारी दिवसभर व्हॅन लावली तर चालेल म्हणाल्या. वर छप्पर नाही, झाडाची एक फांदी आहे पण ती बरीच उंच आहे. रस्त्यावर लावू नका, सॉमरव्हिलमध्ये परमिट लागतं.

२०२२ पासून युनियन स्क्वेअरला ग्रीन लाइन मेट्रो आली आहे, घरातून सात मिनिटं चालत, आणि गाडी न बदलता पार्क स्ट्रीट, म्हणजे बरोबर कॉमनच्या कोपऱ्यावर. पार्क स्ट्रीट हे अमेरिकेतल्या पहिल्या सबवेचं स्टेशन, १८९७ चं, पाहुण्यांना तेही बघता येईल. रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद नाही ना ते मी शनिवारी रात्री बघून कळवते. चालायला त्रास होणाऱ्या दोघांना मी माझ्या छोट्या गाडीने नेईन, ती कॉमनच्या गराजमध्ये जाते, मी नेहमी लावते.

ट्रंका आमच्या तळघरात ठेवता येतील, कुलूप आहे. आणि सगळ्यांनी निघण्यापूर्वी जेवून गेलेलं आम्हाला आवडेल, ११ माणसांना पुरेल एवढा कुकर नाही पण मसालेभात दोनदा लावता येईल.

केतकी


प्रेषक: सुजाता (बर्लिंग्टन)
गुरुवार, दुपारी १:२०

केतकी, काय बोलू. आजींना आमचा सगळ्यांचा नमस्कार सांग, रविवारी मी त्यांच्यासाठी फराळाचा डबा आणते. मोठा कुकर मंडळाचाच आहे, नीलिमाकडे असेल, ट्रंकांबरोबर तिच्या एसयूव्हीतून येईल.

आत्ताच फोन करून व्हॅन घेतली, बुटक्या छपराची. टपावर काही नाही. पेटी-तबला मृणालकडे, मोजमाप काकांकडे, शुक्रवार पूर्ण अभयकडे. खजिनदार, बॅगांच्या पैशांचं अजून तुमचं उत्तर नाही.

रविवारी व्हॅन चालवायला अशी गाडी पूर्वी चालवलेला माणूस हवाय. अभय रविवारी नाही. कोण आहे?

सुजाता


प्रेषक: विनायक (अँडोव्हर)
गुरुवार, दुपारी १:२६

मी. मुलाच्या शाळेच्या टीमसाठी चार वर्षं चालवली आहे. केतकी, ड्राइव्हवेचं तोंड किती रुंद आहे आणि आत वळावं लागतं का सरळ आहे, एक फोटो टाक.