शब्दचर्चा: ‘दाबा’ की ‘दाबावे’?

हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेचं मराठीकरण करतोय. सूचना ‘बटण दाबा’ अशा लिहिल्या होत्या. तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘दाबावे’ करून परत पाठवलं. ‘दाबा’ हा हुकूम वाटतो म्हणे. तुम्ही काय वापरता?

– ‘दाबा’च ठेवा. हुकूम म्हणायचा तर एकेरी ‘दाब’ला म्हणा, ‘दाबा’त आदर आलेलाच आहे. पाहुणे दारात आले की आपण ‘या, बसा’ म्हणतो, त्यात कुणाचा मान कमी होत नाही. मराठी विकिपीडियावरही ‘वाचा’, ‘इतिहास पहा’ असंच आहे. ‘अर्जदाराने अर्ज सादर करावा’ हे परिपत्रकात योग्य, कारण तिथे नियम सांगायचा असतो. पुस्तिका वाचणाऱ्याचा एक हात माउसवर असतो, त्याला पुढची पायरी हवी असते.

दुसरी अडचण व्याकरणाची, आणि ती जास्त नडते. विध्यर्थ कर्माचं लिंग-वचन बघून बदलतो: फाइल उघडावी, तक्ता उघडावा, खाते उघडावे, बिले उघडावीत. स्क्रीनवरच्या संदेशात वाक्य आधी लिहिलेलं असतं आणि नाव ऐनवेळी भरलं जातं. मग ‘खाते उघडावी’ असलं काहीतरी समोर येतं. ‘उघडा’ चारही ठिकाणी तसंच्या तसं चालतं.

– मग ‘कृपया दाबा’ केलं तर?

– नको. सात पायऱ्यांना सात ‘कृपया’ लागले की वाचणारा तो शब्द गाळूनच वाचतो. आपल्यामुळे त्याची खोटी होत असेल तिथे मात्र मी तो जरूर ठेवतो: ‘कृपया थोडं थांबा.’

– आणि ‘आपण’ की ‘तुम्ही’?

– माझ्या मते ‘तुम्ही’. ‘आपण’ आदरार्थी आहे, तसाच तो ‘तू आणि मी मिळून’ असाही आहे. माझ्या आईच्या फोनवर एकदा संदेश आला: ‘आपण पासवर्ड बदलला आहे.’ तिने घाबरून मला फोन केला, “अरे, आपण कधी बदलला? तू काही केलंस का?” ‘तुमचा पासवर्ड आज बदलला गेला. तुम्ही बदलला नसेल, तर लगेच कळवा’ एवढं लिहिलं असतं, तर तिने फोन मला न करता तिकडे केला असता.