जेआरएफ संशोधकाला जगवते, संशोधनाला नाही. सोशिऑलॉजी-क्रिमिनॉलॉजीवाल्यांनी बोला

माळरान:
माझी सोशिऑलॉजीची जेआरएफ आहे, म्हणजे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून पीएचडीसाठी मिळणारी फेलोशिप, विषय पारधी वस्त्या आणि पोलीस. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, पुढच्या टप्प्याला एसआरएफ झालं की ४२, वर घरभाडं, त्यामुळे नातेवाइकांना वाटतं पोरगी सेटल झाली. घरी पैसे पाठवता येतात हे खरंय आणि त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण फिल्डवर्कला काय मिळतं ते बघा. कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे, पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००, नंतर २०,५००. सायन्सवाल्यांना १२ आणि २५ हजार, पण त्यांच्यामागे निदान डिपार्टमेंटची लॅब असते. आमची लॅब म्हणजे वस्ती, आणि तिथपर्यंत एसटी जात नाही. तालुक्याला उतरायचं, वडाप मिळालं तर ठीक, नाहीतर कुणाची तरी बाईक मागायची आणि पेट्रोल आपण टाकायचं. अकाउंट सेक्शन म्हणतं बिल आणा, जीएसटी नंबर पाहिजे. वडापवाला कुठून देणार जीएसटीचं बिल? आणि जी बाई खुरपणीचा दिवस मोडून माझ्याशी चार तास बोलते, तिच्या मुलाला कधी उचललं, कुठल्या चौकीत ठेवलं ते सांगते, तिची त्या दिवसाची मजुरी भरून द्यायला कुठलंच हेड नाही.

यातून होतं काय, तर मुलं लायब्ररीत बसून होईल असाच विषय घेतात. प्रत्येक थिसिसमध्ये तेच प्रकरण, काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, त्यांना डांबायचे ते सोलापूरचं सेटलमेंट, १९५२ ला कायदा रद्द. आणि आज गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुणाच्या पालावर जातात, हे कुणी वर्षभर तिथं राहून लिहीत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तोच करू शकतो. माझं म्हणणं एवढंच की फील्ड ग्रँट स्टायपेंडपासून वेगळी द्या आणि एका मर्यादेपर्यंत सहीच्या व्हाउचरवर खर्च मान्य करा.

नाशिककर:
ताई, तुमचा विषय चांगला आहे आणि तुम्ही मनापासून काम करताय हे दिसतंय. पण तुमच्यासारखे किती? माझ्या ओळखीतले जेआरएफ घेऊन पुण्यात एमपीएससीचे क्लास करणारे मी बघितलेत, पाच वर्षं पैसे घेतले, थिसिस नाही. सहा महिन्यांचा प्रोग्रेस रिपोर्ट गाइड न वाचता सही करतात. डिसेंबर २०२३ ला राज्य सरकारच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपवरून विधान परिषदेत अजित पवार बोलले होते, पीएचडी करून काय दिवे लावणार, ते बोलणं चुकीचंच होतं आणि त्यावर गदारोळ झाला तो बरोबरच झाला. पण लोकांच्या पैशातून काय निघालं हा प्रश्न तरी विचारायचा की नाही? आधी हिशेब द्या, मग वाढीव मागा. व्हाउचरवर पैसे म्हणजे खोट्या व्हाउचरचं पुस्तक छापलं जाणार, हे लिहून देतो.

तासिकावाला:
नाशिककर, एमपीएससीचे क्लास का करतात ते पण सांगा की. कारण समोर जागाच नाहीत. मी समाजशास्त्रात नेट-पीएचडी दोन्ही, आज दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो, पैसे तीन-चार महिन्यांनी एकदम येतात, सुट्टीचे महिने कोरडे. विभागातला माणूस रिटायर झाला की ती जागा भरतच नाहीत. क्रिमिनॉलॉजीचं तर आणखी अवघड, नेटला तो स्वतंत्र विषय आहे, परीक्षा घेता, फेलोशिप देता, आणि पुढे सहायक प्राध्यापकाची जाहिरात शोधायला गेलं तर वर्षानुवर्षं दिसत नाही. आधी पीएचडी सक्तीची करणार म्हणाले म्हणून मुलं पीएचडीला लागली, मग २०२३ ला यूजीसीने सांगितलं सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा राज्याची सेट पुरे. मुलगा एमपीएससी करतो तो फसवायला नाही, घर चालवायला करतो.

आणि हिशेबाचं म्हणता तर सरकारनेही द्यावा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ ला परीक्षा घेतली, तर २०१९ च्या सेटचाच पेपर परत आलेला. जानेवारीत फेरपरीक्षा घेतली तिथंही पेपरच्या सीलवरून गोंधळ, पोरं बाहेर आली. त्याचा जाब कुणाला विचारायचा?

रेवा:
मला वाटतं मूळ गडबड निवडीतच आहे. नेटचे एमसीक्यू (पर्यायी प्रश्न) सोडवणारा माणूस वस्तीवर जाऊन बोलू शकेल हे कळतं कसं? समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं पुस्तक कोणत्या सालचं हे विचारून फील्डवर्कर मिळत नाही. त्यात जून २०२४ ची नेट, १८ तारखेला झाली, १९ ला रद्द, आणि ती पण गृहमंत्रालयाच्या सायबर क्राइमवाल्यांच्या इनपुटवरून. त्यापेक्षा उमेदवाराचं प्रपोजल घ्या, पायलट फील्डवर्क करायला लावा, मुलाखत घ्या आणि त्यावर फेलोशिप द्या. मग नाशिककर म्हणतात तसे नुसते पैसे घेणारे आपोआप गळतील.

भीमातीर:
रेवाताई, याला माझा ठाम विरोध. एमसीक्यू रटाळ आहे, मान्य, पण त्या कागदावर माझं आडनाव कुणी वाचत नाही. मुलाखतीला बसलो की पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनावावरून. प्रपोजल इंग्रजीत छान कोण लिहितं? ज्याला पुण्या-मुंबईच्या कॉलेजात कुणीतरी तीनदा तपासून दिलंय तो. मी मराठी माध्यमातून आलो, घरात पहिला पदवीधर, मला कुणाच्या शिफारशीशिवाय जे मिळालं ते त्या परीक्षेमुळेच मिळालं. आता नेटच्या मार्कांवर पीएचडी प्रवेश आहे त्यातही ३० टक्के मुलाखतीला ठेवलेत, तेवढ्यातच काय काय होतं ते आमच्या मुलांना विचारा. परीक्षा नीट घ्या, पेपर फोडणाऱ्यांना आत टाका, पण निवड चार प्राध्यापकांच्या मर्जीवर सोडू नका.

रेवा:
मर्जीवर सोडा असं मी म्हणत नाहीये. प्रपोजल नाव झाकून तपासता येतं, मराठीत घेता येतं. पण आडनावाचा मुद्दा खरा आहे, मुलाखत ठेवायची असेल तर आधी त्याला उत्तर पाहिजे.

तुरुंगवाट:
सगळे पैशावर बोलताय, मी क्रिमिनॉलॉजीवाला, माझी अडचण दुसरीच. फेलोशिप वेळेवर येते हो, निदान ज्या महिन्यात विद्यापीठातले मेकर-चेकर (हजेरी भरणारा आणि तपासणारा कर्मचारी) पोर्टलवर कन्फर्म करतात त्या महिन्यात तरी. पण माझा विषय कच्चे कैदी. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन, खटला संपलेलाच नाही. यांच्याशी बोलायला परवानगी पाहिजे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१५ च्या सूचनांत तर आत जाणाऱ्यांकडून एक लाखाचं डिपॉझिट घ्यायचं लिहिलंय. एवढे पैसे कुठल्या रिसर्च स्कॉलरकडे असतात? अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर, तोपर्यंत पीएचडीचं घड्याळ चालूच, सहा वर्षांची मर्यादा. मी शेवटी कोर्टाच्या आवारात बसायला लागलो. तिथं आया येतात डबे घेऊन, पोलीस गाडीतून मुलगा उतरला की दोन मिनिटं दिसतो, मग तारीख पडते आणि त्या परत जातात. माझा निम्मा डेटा त्या जिन्यावरचा आहे. म्हणून म्हणतो, फील्ड ग्रँट दिली तरी दार बंद असेल तर काय करणार?

नाशिककर:
हे मला पटतं. पण मग मला सांगा, तुरुंगात जातीवरून कामं वाटतात हे बाहेर कुणी आणलं? सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी. त्या स्वतःच कोर्टात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. सोशिऑलॉजीचे एवढे विभाग आहेत, मुंबई विद्यापीठाचा तर १९१९ पासून, हे काम फेलोशिपवाल्यांनी आधी का केलं नाही?

माळरान:
दादा, त्या रिपोर्टिंगमागे पत्रकारितेला पैसे देणाऱ्या पुलित्झर सेंटरची मदत होती. कुणीतरी फिरायला पैसे दिले, वेळ दिला, आणि अमुक फॉर्ममध्येच लिही असं म्हटलं नाही. मी तेच मागतेय. आणि त्या निकालात विमुक्त जमातींवरच्या, म्हणजे त्या १८७१ च्या कायद्यातल्या जमातींवरच्या, जन्मजात गुन्हेगारीच्या शिक्क्याचा मुद्दा पण आलाय, म्हणजे माझ्या वस्तीवरच्या लोकांचाच विषय.

लेस्टरहून:
इकडे यूकेत पीएचडीनंतरची जी पायरी आहे ती आपल्याकडे जवळजवळ नाहीच, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लेव्हरह्यूम ट्रस्टची अर्ली करिअर फेलोशिप तीन वर्षांची असते, पगाराचा निम्मा भाग ट्रस्ट देतो आणि निम्मा विद्यापीठाने द्यायचा, शिवाय संशोधन खर्च वेगळा. विद्यापीठाचे स्वतःचे पैसे अडकले की ते त्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत, निदान सोडताना विचार करतात. आपल्याकडे थिसिस जमा झाला की फेलोशिप बंद, पुस्तक लिहायचं ते तासिका घेता घेता. इकडेही सगळं छान नाही, मित्रमैत्रिणी एका टेम्पररी कॉन्ट्रॅक्टवरून दुसऱ्यावर उड्या मारत चाळिशीला आलेत.

तासिकावाला:
निम्मा पगार विद्यापीठाने द्यायचा? आमच्याकडे विद्यापीठ म्हणेल निधी नाही आणि विषय तिथंच संपेल. तो वाटा राज्य सरकारने उचलायला हवा.

नाशिककर:
माझी अट तीच राहील. फील्ड ग्रँट द्या, व्हाउचर पण चालेल, पण वर्षाअखेरीला मराठीत दहा-पंधरा पानांचा अहवाल विद्यापीठाच्या साइटवर टाकायचा, ज्या तालुक्यात काम केलं तिथं वाचून दाखवायचा. नाही टाकला तर पुढच्या वर्षीची ग्रँट थांबवा.

माळरान:
अहवाल देईन, आनंदाने देईन, वस्तीवर वाचून दाखवायला तर मला आवडेलच. पण तालुक्यात सगळ्यांसमोर नाही. तिथं पोलीस स्टेशनचेच लोक बसलेले असतील आणि ज्या बाईने मला नावानिशी सांगितलंय तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच राहायचंय. नावं-गावं बदलून साइटवर टाकते, त्यापुढे नाही जाणार.

नाशिककर:
मग नुसती नावं बदलून ओळख लपते का? एका तालुक्यात पारधी वस्त्या असून असून किती असणार.

माळरान:
म्हणूनच तालुक्याचं नाव सुद्धा थिसिसमध्ये नसणार, आणि यावर माझं गाइडशी अजून भांडण चालू आहे.